उपाशीपोटी व्यायाम कुणाच्या हिताचा?

सकाळी फिरायला, धावायला जाण्यापूर्वी काही खावे की नाही, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. बहुतेकांसाठी तो तसा आहेही. पण मधुमेहाची काही औषधे घेणाऱ्यांना आणि भरतीच्या मैदानावर उतरणाऱ्या तरुणांना त्याचे चुकीचे उत्तर महागात पडू शकते.

पहाटे साडेपाच-सहाच्या सुमारास महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरातल्या मैदानावर एक फेरी मारली, की या प्रश्नाची चार उत्तरे एकाच वेळी दिसतात. चहा आणि दोन बिस्किटे पोटात गेल्याशिवाय घराबाहेर पाऊल न टाकणारे आजोबा असतात. ‘उपाशीपोटी चाललं की चरबी जळते’ असे कुणीतरी सांगितल्यामुळे पाण्याखेरीज काहीही न घेता भराभर चालणाऱ्या काकू असतात. बिनसाखरेची काळी कॉफी पिऊन जिमकडे वळणारा तरुण असतो. आणि एका कोपऱ्यात पोलीस भरतीच्या तयारीसाठी घड्याळ लावून फेऱ्या मारणारी मुले-मुली असतात. त्यांच्यातल्या अनेकांनी आदल्या रात्री खोलीवर जे मिळाले ते खाल्लेले असते आणि पुढचे जेवण दुपारी असते.

यातला प्रत्येकजण स्वतःपुरता बरोबर असू शकतो. गडबड होते ती एकाचा नियम दुसऱ्याने उचलला की. जिममधल्या पंचविशीच्या मुलाला जे मानवते, ते इन्सुलिन घेणाऱ्या साठीच्या गृहस्थाने केले तर चक्कर येऊन पडण्याची वेळ येते. मॅरेथॉनच्या धावपटूचा आहार अर्धा तास चालणाऱ्याने घेतला, तर वजन घटण्याऐवजी वाढते. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या सल्ल्यांत मात्र ‘कुणासाठी’ हा शब्द सहसा नसतो.

परंपरेकडे पाहिले तर तिथेही एकच एक उत्तर नाही. कोल्हापूरच्या तालमीतला मल्ल पहाटे जोर-बैठका काढतो आणि बदाम घोटून केलेली थंडाई घेतो ती मेहनत झाल्यावर. शेतकरी दिवस उगवताना शेतावर जातो आणि न्याहारी नंतर होते. पण या दोघांचेही रात्रीचे जेवण भरपेट असते आणि मेहनतीनंतरचे खाणे चुकत नाही, हे विसरले जाते. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातही व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा, अपचन झालेल्याने तो टाळावा आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या सशक्त माणसाने तो करावा, असा विचार आहे. म्हणजे व्यायाम आणि अन्न यांचा हिशेब माणूस पाहून मांडायचा, ही समज जुनीच आहे. आधुनिक शरीरशास्त्राने त्या हिशेबात आकडे भरले.

शरीराची शिदोरी

रात्री नऊला जेवून सकाळी सहाला उठलेला माणूस उपाशी असतो, पण रिकामा नसतो. शरीरात इंधनाचे साठे असतात. पिष्टमय पदार्थांपासून मिळणारी साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवली जाते. यकृतात तिचा साठा साधारण ८० ते १०० ग्रॅम आणि सगळ्या स्नायूंत मिळून सुमारे ३०० ते ५०० ग्रॅम असतो. या दोन साठ्यांत एक महत्त्वाचा फरक आहे. यकृतातला साठा गावाच्या सामायिक कोठारासारखा. तिथली साखर रक्तात सोडली जाते आणि ती सगळ्यांच्या वाट्याला येते. स्नायूंतला साठा ज्याच्या-त्याच्या घरातल्या कणगीसारखा. तो त्या स्नायूलाच वापरता येतो, शेजाऱ्याला देता येत नाही.

रात्रभर मेंदूचे काम चालूच असते. त्याला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम, म्हणजे तासाला पाचेक ग्रॅम साखर लागते. रात्रीचे जेवण पचून झाले की ही साखर यकृताच्या कोठारातून येते. त्यामुळे सकाळपर्यंत यकृतातला साठा बराच खाली गेलेला असतो, स्नायूंच्या कणग्या मात्र जवळपास भरलेल्या राहतात. शिवाय चरबी असतेच. साठ किलो वजनाच्या सडपातळ माणसाच्या अंगातही आठ-नऊ किलो चरबी सहज असते आणि तेवढ्या ऊर्जेवर कित्येक दिवस निघू शकतात.

म्हणूनच निरोगी माणसाने सकाळी उठून, पाणी पिऊन, काही न खाता अर्धा-पाऊण तास चालायला काहीच हरकत नाही. संथ व्यायामात स्नायू मोठ्या प्रमाणात चरबीवर भागवतात आणि यकृत उरलेली गरज सांभाळून घेते. पण वेग वाढला की गणित बदलते. चरबीपासून ऊर्जा मिळते, पण ती हळूहळू. चढ चढताना, जोरात धावताना, वजन उचलताना तातडीने लागणारी ऊर्जा प्रामुख्याने साखरेतूनच येते. व्यायाम जितका जोराचा आणि जितका लांब, तितकी आधीच्या खाण्याची गरज जास्त. या प्रश्नाच्या उत्तराचा कणा एवढाच आहे. बाकीचे तपशील.

बोस्टनचा धडा

ही गोष्ट कळायला शंभर वर्षांपूर्वीची एक शर्यत कारणी लागली. १९२४ साली अमेरिकेतल्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये सॅम्युएल लेव्हिन या हृदयरोगतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शर्यत संपवलेल्या धावपटूंचे रक्त तपासले. काहींच्या रक्तातली साखर खूपच खाली गेली होती आणि नेमके तेच धावपटू पांढरेफटक, गळून गेलेले, गोंधळलेले दिसत होते. इन्सुलिनचा शोध तेव्हा नुकताच लागला होता. इन्सुलिनचा डोस जास्त झालेल्या रुग्णांची अवस्था कशी होते हे डॉक्टर पाहत होते. धावपटूंची लक्षणे त्याच्याशी जुळत होती. पुढच्या वर्षी, १९२५ मध्ये, धावपटूंना आदल्या दिवशी पिष्टमय आहार वाढवायला आणि धावताना मिठाईच्या गोळ्या खायला सांगितले गेले. त्यांची साखर टिकली आणि शर्यतीच्या शेवटी त्यांची प्रकृतीही चांगली राहिली.

पुढे १९६०च्या दशकात स्वीडनमधल्या योनास बर्गस्ट्रोम आणि एरिक हुल्टमन यांनी सुईने मांडीच्या स्नायूचा बारीकसा तुकडा काढून त्यातले ग्लायकोजेन मोजले. आधीच्या दिवसांत पिष्टमय आहार घेणाऱ्यांच्या स्नायूंत हा साठा जास्त होता आणि ते जास्त वेळ सायकल चालवू शकत होते. मॅरेथॉनमध्ये तिसाव्या किलोमीटरच्या पुढे पाय एकाएकी दगडासारखे का होतात, याचे मोठे कारण त्यातून उलगडले. स्नायूंतले आणि यकृतातले मिळून ग्लायकोजेन सुमारे दोन हजार कॅलरी देते. ४२ किलोमीटर धावायला त्याहून जास्त लागतात.

या संशोधनाने खेळाडूंचा आहार बदलला. पण त्यातून एक उलटा गैरसमजही रुजला. मॅरेथॉनसाठी जे सिद्ध झाले, ते बागेतल्या चार फेऱ्यांना लावले गेले. पाऊण तास चालणाऱ्याला एनर्जी ड्रिंकची, प्रोटीन बारची किंवा ग्लुकोज पावडरची गरज नाही. चालण्यात जेवढ्या कॅलरी खर्च होतात, जवळपास तेवढ्याच त्या बाटलीतून परत येतात.

चरबी जळते, वजनाचे काय?

‘उपाशीपोटी चरबी जास्त जळते’ हे विधान खोटे नाही, अर्धे आहे. जेवल्यानंतर रक्तात इन्सुलिन वाढते आणि साठ्यातली चरबी बाहेर पडायला ते आडकाठी करते. रात्रभराच्या उपवासानंतर इन्सुलिन कमी असते, त्यामुळे त्या तासाभरात चरबी खरोखरच जास्त वापरली जाते. पण शरीराचा जमाखर्च एका तासाचा नसतो. सकाळी चरबी जास्त वापरली, तर उरलेल्या दिवसात शरीर साखर जास्त आणि चरबी कमी वापरून तो फरक बराचसा भरून काढते. वजन घटते ते दिवसाचा, आठवड्याचा एकूण मेळ खर्चाच्या बाजूने झुकला तर.

अमेरिकेतल्या ब्रॅड शोएनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हे तपासून पाहिले. २० तरुणींना चार आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, तासभर व्यायाम दिला. निम्म्या जणी उपाशीपोटी, निम्म्या काही घेऊन. दोन्ही गटांचा आहार नेमून दिला होता आणि तो गरजेपेक्षा थोडा कमी ठेवला होता. वजन दोन्ही गटांचे घटले, चरबीही घटली. गटा-गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

रोजच्या भाषेत मांडायचे, तर पाऊण तास भरभर चालल्याने साधारण दोनशे कॅलरी खर्च होतात. त्यातल्या निम्म्या चरबीतून आल्या असे धरले, तरी ती चरबी भरते दहा-अकरा ग्रॅम. उपाशीपोटी चालून त्यात आणखी काही ग्रॅमची भर पडेल. पण घरी परतल्यावर ‘आज उपाशी चाललो’ म्हणून पोह्यांची दुसरी प्लेट घेतली, की ती भर केव्हाच वसूल होते. उपाशी व्यायामाचा खरा तोटा अनेकांच्या बाबतीत हाच असतो.

तरीही ही दुसरी बाजू नोंदवायला हवी. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात वजन जास्त असलेल्या ३० पुरुषांवर सहा आठवडे झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. न्याहारीआधी सायकल चालवणाऱ्या गटाने न्याहारीनंतर चालवणाऱ्या गटाच्या साधारण दुप्पट चरबी वापरली. वजनात फरक पडला नाही, पण न्याहारीआधी व्यायाम करणाऱ्यांच्या शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद अधिक सुधारला. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांसाठी ही आशादायक गोष्ट आहे. अभ्यास छोटा होता, फक्त पुरुषांवर होता, हेही लक्षात ठेवायला हवे. ज्याला सकाळी उपाशीपोटी चालणे मानवते, ज्याला मधुमेहाची औषधे नाहीत, त्याने ते खुशाल चालू ठेवावे. ज्याला मानवत नाही, त्याने चरबीच्या लोभाने ते स्वतःवर लादू नये, एवढाच यातला मथितार्थ.

भरल्या पोटाची अडचण

उपाशी राहण्याला जसे टोक आहे, तसे भरपेट खाऊन पळण्यालाही. व्यायामात स्नायूंना आणि त्वचेला जास्त रक्त लागते आणि ते पोटाकडून वळवले जाते. जोराच्या व्यायामात आतड्यांचा रक्तपुरवठा निम्म्याहून बराच खाली येतो. त्याच वेळी जठरात मिसळ किंवा पुरी-भाजी असेल, तर पचन रखडते. मळमळ, करपट ढेकर, बरगडीखाली उठणारी कळ, कधी उलटी हा त्याचा परिणाम. तेलकट, तुपकट आणि चोथा जास्त असलेले पदार्थ जठरातून हळू पुढे सरकतात, पातळ आणि साधे पिष्टमय पदार्थ लवकर. म्हणूनच धावण्याआधी केळे चालते, साबुदाणा वडा चालत नाही.

हृदयरोग्यांसाठी ही केवळ गैरसोयीची बाब नाही. विल्यम हेबर्डन या इंग्रज डॉक्टरने १७७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात हृदयाच्या दुखण्याला ‘अँजायना’ हे नाव दिले. ही कळ चालताना, विशेषतः चढ चढताना आणि जेवणानंतर लगेच चालल्यास येते, असे त्याने तेव्हाच नोंदवले होते. अन्न पचवण्यासाठी हृदयाला आधीच जास्त काम पडते. त्यात चढाची भर पडली की अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांना ते झेपत नाही. छातीत दुखण्याचा त्रास असलेल्यांनी भरपेट जेवणानंतर दीड-दोन तास तरी जिने, चढ, भरभर चालणे टाळलेले बरे.

मधुमेहींचा वेगळा हिशेब

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत. या सगळ्यांना चालण्याचा सल्ला मिळतो आणि तो योग्यच आहे. पण ‘रोज चाला’ म्हणताना कधी, काय खाऊन आणि कोणत्या गोळीनंतर, हे अनेकदा सांगायचे राहते.

निरोगी माणसाच्या शरीरात व्यायाम सुरू होताच इन्सुलिन आपोआप कमी होते आणि यकृत साखर सोडू लागते. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनला हे कळत नाही. ते आपले काम करतच राहते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्याही स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. त्यात स्नायू व्यायामामुळे रक्तातली साखर जास्त ओढून घेतात. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि पोटात काही नसले, की साखर झपाट्याने उतरते. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हा धोका फारच कमी असतो. म्हणून ‘मी मधुमेही आहे, उपाशी चालू का?’ या प्रश्नाला पहिले उत्तर दुसऱ्या प्रश्नाचेच असायला हवे: औषध कोणते?

सर्वांत घातक क्रम घरोघरी पाहायला मिळतो. उठल्यावर गोळी घेतली किंवा इन्सुलिन टोचले, ‘चालून येतो आणि मग नाश्ता करतो’ म्हणून बाहेर पडले, वाटेत मित्र भेटले आणि अर्ध्या तासाचा सव्वा तास झाला. औषध आणि न्याहारी यांच्यात व्यायाम घुसवणे हे या औषधांच्या बाबतीत संकटाला आमंत्रण आहे. आधी चालावे, मग औषध आणि त्याला जोडून न्याहारी, हा क्रम अनेकांसाठी सुरक्षित ठरतो. मात्र रात्रीच्या इन्सुलिनचा किंवा संध्याकाळच्या गोळीचा असर सकाळीही असू शकतो. त्यामुळे क्रम आणि मात्रा डॉक्टरांशी बोलूनच ठरवावी, स्वतःच्या मनाने औषध बंद करू नये.

इन्सुलिन किंवा या गोळ्या घेणाऱ्यांनी व्यायामापूर्वी ग्लुकोमीटरवर साखर पाहावी. ती ९० ते १०० मिलिग्रॅमच्या खाली असेल, तर आधी एखादे केळे किंवा दोन-तीन बिस्किटे खावीत आणि मगच निघावे. ७०च्या खाली असेल तर व्यायाम नाहीच. आधी तीन छोटे चमचे साखर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटे थांबायचे आणि पुन्हा तपासायचे. हातपाय थरथरणे, दरदरून घाम, छातीत धडधड, भुकेची कळ, बोलण्यात गोंधळ ही साखर उतरल्याची लक्षणे. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल, तर थरथर आणि धडधड जाणवत नाही. अशांनी घामाकडे लक्ष ठेवावे. दीर्घ किंवा नेहमीपेक्षा जास्त व्यायामानंतर साखर काही तासांनी, अगदी रात्री झोपेतही उतरू शकते, म्हणून त्या दिवशीचे रात्रीचे जेवण टाळू नये. खिशात साखरेची पुडी किंवा गोळ्या आणि आपला आजार, औषध व घरचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. फिरायला जाताना मोबाइल विसरत नाही, तशी ही पुडीही विसरू नये.

याच्या दुसऱ्या टोकाला मराठी घरातली एक जुनी सवय उपयोगी पडते, ती म्हणजे शतपावली. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाने टाइप २ मधुमेह असलेल्या ४१ जणांवर केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसातून एकदा केव्हाही अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटे चालल्यास जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी राहिली. रात्रीच्या जेवणानंतर तर हा फरक २२ टक्के होता. ज्यांना सकाळी उपाशीपोटी चालायला भीती वाटते किंवा डॉक्टरांनी नको म्हटले आहे, त्यांच्यासाठी हा पर्याय सोपा, बिनखर्चाचा आणि पुराव्याने तपासलेला आहे. चालणे मात्र सावकाश हवे. जेवून पळणे म्हणजे शतपावली नव्हे.

भरतीच्या मैदानावर

व्यायामाआधी खाण्याचा प्रश्न सर्वांत गंभीर होतो तो पोलीस भरतीच्या मैदानावर. २०२४ मध्ये महाराष्ट्रात सुमारे साडेसतरा हजार जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले. पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८०० मीटर धावायचे असते आणि या एका चाचणीवर शारीरिक परीक्षेच्या ५० पैकी २० गुण अवलंबून असतात. काही सेकंदांनी वर्दी हुकते.

१६०० मीटर हे काही फार मोठे अंतर नाही. तयारी केलेला मुलगा ते पाच-सहा मिनिटांत पार करतो. स्नायूंतला साठा तेवढ्याला सहज पुरतो. प्रश्न त्या सहा मिनिटांचा नसतोच. गावाहून आलेला उमेदवार आदल्या दिवशी एसटीत किंवा रेल्वेच्या जनरल डब्यात असतो. रात्री एखादा वडापाव खातो, फुटपाथवर किंवा पुलाखाली झोपतो, पहाटे चारला रांगेत लागतो. मग कागदपत्रे, उंची, छाती. ऊन चढते. धावण्याचा क्रमांक लागेपर्यंत कधी कधी शेवटचे धड जेवण होऊन चौदा-सोळा तास उलटलेले असतात. पाणीही जपून प्यालेले असते, कारण लघवीला गेले तर रांग मोडेल ही भीती. उपास, जागरण, पाण्याची कमतरता आणि ऊन अशा चौघांचे ओझे घेऊन तो सुरुवातीच्या रेषेवर उभा राहतो आणि मग जीव तोडून पळतो.

२०१४च्या जूनमध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या धावण्यात किमान चार तरुणांचा जीव गेला. तेव्हा पाच किलोमीटर धावावे लागे, ते अंतर पुढे कमी करण्यात आले. २०२४च्या ऑगस्टमध्ये झारखंडात उत्पादन शुल्क विभागाच्या शिपाई भरतीत दहा किलोमीटर धावण्याच्या चाचणीत दहाहून अधिक उमेदवार दगावले आणि सरकारला प्रक्रिया काही दिवस थांबवावी लागली. हे मृत्यू उपाशीपोटी धावल्यानेच झाले, असे म्हणणे अशास्त्रीय ठरेल. उष्माघात, आधी न कळलेला हृदयविकार, उत्तेजक द्रव्ये अशी अनेक कारणे असू शकतात. पण थकलेले, तहानलेले आणि भुकेले शरीर यातल्या प्रत्येक धोक्याला अधिक सहज बळी पडते, यात वाद नाही.

अशा उमेदवाराला आहाराचे धडे देणे सोपे आहे, ते पाळता येतील अशी परिस्थिती देणे अवघड. उमेदवारांना धावण्याची वेळ ठरावीक तासाच्या आत सांगितली, लांबच्या धावा सकाळी लवकर उरकल्या, रांगेत पाणी आणि एक केळे मिळण्याची सोय केली, रात्रीच्या मुक्कामासाठी शाळेचे किंवा मंगल कार्यालयाचे छप्पर दिले, तर त्याचा खर्च भरतीच्या एकूण खर्चात डोळ्यांत भरणार नाही. अनेक ठिकाणी स्वयंसेवी संस्था आणि काही पोलीस अधिकारी स्वतःहून हे करतात. जे काही ठिकाणी सौजन्य म्हणून होते, ते सर्वत्र नियम म्हणून व्हायला हवे. ज्यांच्या हाती उद्या नागरिकांची सुरक्षा द्यायची, त्यांची निवड उपासमारीच्या शर्यतीतून होऊ नये.

उमेदवारांच्या हातात असलेल्या गोष्टीही आहेत. आदल्या रात्री भात, पोळी, वरण असे साधे आणि पोटभर जेवण ही खरी तयारी. धावण्याच्या दोन-तीन तास आधी पोळी-गूळ, इडली किंवा दोन केळी. रांग लांबली तर तासा-दीड तासाने दोन-तीन खजूर किंवा चिक्कीचा तुकडा आणि घोटभर पाणी. मैदानावर ऐनवेळी ग्लुकोज पावडर पाण्यात कालवून पिणारे अनेक दिसतात. धावण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी भरपूर साखर घेतली, तर इन्सुलिन उसळून काहींची साखर उलट खाली येते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. सगळ्यांना हा त्रास होत नाही, पण तो आपल्याला होतो की नाही हे भरतीच्या दिवशी शोधू नये. सरावात जे खाऊन धावले, तेच परीक्षेला खावे. अनोळखी गोळी, पावडर किंवा इंजेक्शन कुणी कितीही खात्रीने दिले तरी घेऊ नये.

या मैदानावरच्या मुलींबद्दल वेगळे बोलायला हवे. देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आहे, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत आढळले. आधीच रक्त कमी, त्यात ‘वजन कमी झाले की वेग वाढतो’ म्हणून जेवण कमी आणि सकाळ-संध्याकाळ सराव. असे महिनोन् महिने चालले की पाळी अनियमित होते किंवा थांबते, हाडे ठिसूळ होतात, नडगीच्या हाडाला बारीक चिरा पडतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेकडे जगाचे लक्ष वेधले. ती पुरुषांतही होते. पाळी थांबणे हे कसून सराव केल्याचे प्रशस्तिपत्र नव्हे. शरीराला इंधन पुरत नसल्याचा तो निरोप आहे. प्रशिक्षकांनी आणि घरच्यांनी तो ऐकायला हवा.

मग करावे काय?

सर्वांना एक नियम देता येत नाही, पण स्वतःला विचारण्याचे चार प्रश्न सर्वांना देता येतात. व्यायाम किती जोराचा आणि किती वेळाचा? शेवटचे जेवण कधी आणि कसे झाले? कोणते औषध चालू आहे? आणि आधीच्या वेळी शरीराने काय सांगितले?

निरोगी माणूस, तासाभराच्या आतला हलका-मध्यम व्यायाम, रात्री नीट जेवण झालेले असेल, तर खाणे ऐच्छिक आहे. पाणी ऐच्छिक नाही. योगासने आणि प्राणायाम रिकाम्या किंवा जवळपास रिकाम्या पोटीच बरे वाटतात. तासाहून लांब धावणे, सायकल, डोंगर चढणे किंवा जिममध्ये जड वजने उचलणे असेल, तर अर्धा-पाऊण तास आधी केळे, खजूर, टोस्ट यांसारखे हलके काही घ्यावे. पूर्ण जेवण झाले असेल तर तीन तासांचे, पोहे-उपम्यासारख्या न्याहारीनंतर दीड-दोन तासांचे अंतर ठेवावे. एकादशी किंवा रोजा असेल, तर त्या दिवशी व्यायामाचा जोर कमी करावा किंवा वेळ उपवास सुटण्याच्या आसपास न्यावी. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या ज्येष्ठांनी उठल्या उठल्या घाईने बाहेर पडू नये. पाणी प्यावे, काही मिनिटे बसावे, हवे तर चहाबरोबर एखादे बिस्किट खावे. मैदानावरच्या त्या आजोबांची चहा-बिस्किटाची सवय त्यांच्यापुरती शहाणपणाचीच आहे.

आणि व्यायामादरम्यान चक्कर, अंधारी, थंड घाम, छातीत दाब यांपैकी काही जाणवले, तर ‘एवढी फेरी पूर्ण करू’ हा हट्ट सोडून थांबावे. सोबतच्यांनीही अशा माणसाला हसू नये, त्याला बसवावे. शुद्धीवर असेल तर गोड काही द्यावे, शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

डॉक्टरांकडूनही एक अपेक्षा रास्त आहे. मधुमेहाची गोळी लिहून देताना ‘जेवणाआधी’ किंवा ‘जेवणानंतर’ असे लिहिले जाते. त्यात ‘तुम्ही चालायला केव्हा जाता?’ हा एक प्रश्न वाढला, तर तपासणीचा वेळ अर्ध्या मिनिटाने वाढेल. पण ‘चालून आल्यावर’ हे दोन शब्द चिठ्ठीवर येतील आणि त्यामुळे एखादा माणूस रस्त्याच्या कडेला कोसळण्याऐवजी चालून सुखरूप घरी परतेल.